पाण्यात राहणाऱ्या भागांसाठी स्टेनलेस स्टीलची ग्रेड कशी निवडावी

स्टेनलेस स्टीलला गंज कधीच लागत नाही, या समजुतीपायी अनेक चांगले भाग वाया जातात. या स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो; ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा भरून येतो. पाण्यातील क्लोराइड मात्र हा थर जागोजागी भेदते, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या भागाला टाचणीच्या टोकाएवढी पण खोल छिद्रे पडतात. म्हणून ग्रेड ठरवण्याआधी पाणी तपासून घ्यावे.

नेहमीच्या तापमानाला लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असेल तर ३०४ ग्रेड पुरते. त्यापुढे १,००० मिलिग्रॅमपर्यंत ३१६ घ्यावी, कारण तिच्यातील दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम छिद्रे पडण्यास अटकाव करते. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास असल्याने सतत बुडालेल्या भागांसाठी ३१६ वर विसंबू नये. तेथे डुप्लेक्स २२०५ (दोन प्रकारच्या स्फटिकरचना एकत्र असलेले स्टेनलेस स्टील) आणि फटी अटळ असतील तर सुपर डुप्लेक्स (त्याचाच अधिक गंजरोधक प्रकार) यांचा विचार करावा.

हे आकडे ढोबळ आहेत, हे विसरू नये. जो भाग आलटून पालटून भिजतो आणि वाळतो, त्यावर प्रत्येक वेळी थोडे मीठ मागे राहते, त्यामुळे तपासणी अहवालात सौम्य दिसणारे पाणी तेथे प्रत्यक्षात कितीतरी तीव्र झालेले असते. पाणी साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर जाणार असेल आणि भागावर ताण असेल, तर ३०४ व ३१६ या दोन्हींना तडे जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी डुप्लेक्स अधिक भरवशाचे.

त्यानंतर भागाची घडण पाहावी, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. वॉशरखाली, गॅस्केटच्या कडेला किंवा अर्धवट वेल्ड केलेल्या सांध्यात पाणी अडकले की तेथील ऑक्सिजन संपतो, थर पुन्हा जमत नाही आणि उत्तम ग्रेडही आतून पोखरली जाते. त्यामुळे सांधे पूर्ण वेल्ड करावेत आणि पाणी निथळून जाईल असा उतार ठेवावा. जाड भाग वेल्ड करायचे असल्यास कमी कार्बनच्या ३०४ एल किंवा ३१६ एल ग्रेड घ्याव्यात. वेल्डवरील निळसर-तपकिरी डाग पिकलिंग करून, म्हणजे आम्लाने धुऊन, काढावेत, आणि साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश त्यासाठी मुळीच वापरू नये.

यंत्रकामाला सोपी असलेली ३०३ ग्रेड तिच्यातील गंधकामुळे पाण्यात टिकत नाही.

खरेदी करताना चुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांत फरक करता येत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरील हीट नंबर (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या स्टीलचा क्रमांक) मालावरील नंबराशी जुळतो का, हे स्वतः पाहावे.