वांगावरचं क्रीम निवडताना ट्यूबची मागची बाजू आधी वाचा

दोन्ही गालांवर सारखे, कपाळावर आणि वरच्या ओठावर मिशीसारखे पसरलेले तपकिरी डाग म्हणजे बहुधा वांग. पुटकुळी बसल्यावर त्याच जागी उरलेला डाग वेगळा, तो वेळ दिला तर बराचसा आपोआप फिकटतो. मानेवर किंवा कानशिलावर मखमलीसारखी जाड, काळसर कातडी असेल तर क्रीमपेक्षा वजन आणि रक्तातली साखर बघायला हवी. केस रंगवणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेनं आणि कानांपुढे राखाडी छटा उतरली असेल तर डायवर संशय घ्या. डाय चालू ठेवून वर कितीही महागडं क्रीम चोपडलं तरी पैसे वाया. डाग एकाच बाजूला असेल, निळसर असेल किंवा महिन्या-दोन महिन्यांत रूप बदलत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

सनस्क्रीन नीट सुरू झाल्याशिवाय पुढे सांगितलेलं एकही क्रीम विकत घेऊ नका. एसपीएफ ३० च्या वरचं, पीए+++ असलेलं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जण याच्या पावपट लावतात आणि मग ‘सनस्क्रीन लावूनही काही फरक नाही’ म्हणतात. शक्य असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं निवडा. सावळ्या त्वचेत साधा डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा वांगाचे डाग गडद करतो, आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतातच, त्यामुळे दुकानात काचेशेजारी बसणाराही सुटत नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडवर स्कूटीवरून तोंडाला स्टोल गुंडाळून जाणाऱ्यांनी तो स्टोल एकदा उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडचं दिसत असेल तर ऊनही तेवढंच आत येतंय. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या उन्हात द्राक्षबागेत खरड छाटणीला उभ्या राहणाऱ्या बायकांना ‘दर दोन तासांनी लावा’ हा सल्ला देणाऱ्यानं एकदा बागेत जाऊन यावं. त्यांच्यासाठी जमण्यासारखं म्हणजे रुंद काठाची टोपी, खाली घट्ट विणीचा सुती रुमाल, सकाळी निघताना एकदा सनस्क्रीन आणि जेवणाच्या सुट्टीत घाम टिपून पुन्हा एकदा.

आता क्रीमं. सगळ्यात जोरकस हायड्रोक्विनोन. २ किंवा ४ टक्के, रात्री, फक्त डागावर. इअरबडनं लावलं तर कडेच्या चांगल्या कातडीवर जात नाही, नाहीतर डागाभोवती पांढरट कडं उमटतं आणि डाग होता त्याहून उठून दिसतो. फरक चार ते आठ आठवड्यांत कळतो. तीन महिने, फार तर चार, मग थांबायचं. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर काहींच्या गालांवर निळसर-काळी छटा बसते, तिला ऑक्रोनॉसिस म्हणतात आणि ती घालवणं वांगाहून कठीण. ट्यूबमधलं क्रीम तपकिरी पडलं असेल तर ते हवेनं खराब झालंय, टाकून द्या. गरोदरपणात हे नाही.

अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड, २० टक्के क्रीम किंवा १५ टक्के जेल, सकाळ-संध्याकाळ. पहिले दोन-तीन आठवडे खाज आणि मुंग्या येतात, त्याला घाबरून सोडू नका. काम सावकाश करतं, पण सहा महिने धरून ठेवलं तर हायड्रोक्विनोनच्या जवळपास पोचतं, आणि दिवस गेलेल्या बाईलाही डॉक्टर हे देऊ शकतात. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यानं इथूनच करावी, हे माझं ठाम मत.

कोजिक अ‍ॅसिड सौम्य, पण अ‍ॅलर्जी देण्यात पटाईत. आधी तीन रात्री कानामागे लावून बघा. नायसिनमाइड ४-५ टक्के निरुपद्रवी, जोडीला चांगलं, एकट्याच्या बळावर फार काही करत नाही. व्हिटॅमिन सी सकाळी सनस्क्रीनच्या आधी. सीरम चहाच्या रंगाचं झालं की संपलं. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड २ ते ५ टक्के लावायचं असेल तर हरकत नाही, मात्र त्याच नावाच्या गोळ्या रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित आहेत, त्या मनानं घ्यायच्या नाहीत. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मटाराच्या दाण्याएवढं, एक रात्र सोडून, तोंड धुतल्यावर वीस मिनिटांनी कोरड्या चेहऱ्यावर. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे आधी व्हॅसलिननं झाका. गरोदरपणात हेही नाही. थ्रेडिंगच्या पाच-सात दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर दोऱ्याबरोबर वरच्या ओठाची सालही निघते आणि तिथे नवा डाग पडतो.

खरा घोळ होतो तो तीन औषधं एकत्र असलेल्या क्रीमनं. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र करून वांगावर वापरलं. स्टेरॉइड होतं मुख्यतः बाकी दोघांची जळजळ दाबायला. आजच्या सुधारित सूत्रात ४ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.०१ टक्के फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टेरॉइड असतं, आणि ते साधारण आठ आठवड्यांपुरतं, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं असतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या ट्यूबांत मात्र त्याच्या जागी मोमेटासोन दिसतं, तेही ०.१ टक्के. चेहऱ्याच्या पातळ कातडीला हे फार जड.

म्हणून ट्यूब उलटी करा. पुढच्या मोठ्या अक्षरांकडे, चमकत्या चेहऱ्याच्या चित्राकडे बघायचंच नाही. मागच्या बारीक अक्षरांत घटकांची नावं असतात. ज्या नावात ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ येतं ते बहुधा स्टेरॉइड: बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. अक्षरं लागत नसतील तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. २०१८ पासून अशी लावायची स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही जावेला लागू पडलं म्हणून तिच्या चिठ्ठीचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो काउंटरवर दाखवून ट्यूब घेतली जाते. घेऊ नका. आणि मागे घटकच छापलेले नसलेलं, डबीतलं ‘गोरं करणारं’ क्रीम तर हातातही धरू नका. अशा क्रीमांत पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडं खराब करतो.

स्टेरॉइडवाली ट्यूब फसवते कशी, तेही समजून घ्या. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, तुकतुकीत दिसतो, चारजणी विचारतात काय लावतेस. दोन-तीन महिन्यांत गालांवर लाल केसासारख्या शिरा दिसू लागतात, बारीक पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात आणि चुलीपुढे आग होते. मग घाबरून बंद केलं की काही दिवसांत चेहरा लालबुंद होऊन खाजतो आणि डाग परततात. पुन्हा लावलं की शांत. ‘म्हणजे क्रीम चांगलंच होतं’ असा उलटा अर्थ इथेच काढला जातो आणि माणूस वर्षानुवर्षं अडकतो.

आठवडाभरच लावलं असेल तर सरळ बंद करा. काही महिने लावलं असेल तर एका रात्रीत तोडू नका आणि मनानं चालूही ठेवू नका. त्वचारोगतज्ज्ञ सौम्य स्टेरॉइडवर आणून किंवा टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉइडचं औषध देऊन हळूहळू सोडवतात. त्या काळात वासविरहित मॉइश्चरायझर, गार पाण्याची घडी आणि सनस्क्रीन, एवढंच. अ‍ॅझेलिक नाही, व्हिटॅमिन सी नाही, फेशियल नाही, ब्लीच तर नाहीच. हा काळ आठवड्यांचा नाही, बऱ्याचदा महिन्यांचा असतो, हे आधीच मनाशी धरून चाला.

मापाची एक सोपी खूण: मटाराएवढं क्रीम साधारण पाव ग्रॅम, म्हणजे रोज एकदा लावूनही १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरायला हवी. तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही डागावर नाही, अख्ख्या तोंडाला लावताय.

लिंबू नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि मागे काळा पट्टा राहतो. दुधात उगाळलेलं जायफळही चोळून चोळून आगच करतं, आणि वांग असलेल्या चेहऱ्यावर प्रत्येक आग म्हणजे नवा डाग.

क्रीमांची तुलना करायची तर एका वेळी एकच बदला. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, तोंड धुऊन फोटो काढा. आरशावर आणि सासूबाईंच्या शेऱ्यावर निर्णय घेऊ नका. बारा आठवड्यांच्या आत क्रीम बदलायचं नाही, आग होत असेल तर गोष्ट वेगळी. डाग फिकटले की हायड्रोक्विनोन थांबवून अ‍ॅझेलिकवर या. सनस्क्रीन चालूच, मार्च ते मेमध्ये तर दुप्पट काटेकोरपणे, कारण वांग परततं ते बहुधा याच महिन्यांत. बारा आठवड्यांनीही फोटोत फरक नसेल तर डाग खोलवर आहेत किंवा मुळात वांग नाही. तेव्हा डॉक्टरकडे जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा.