रक्तदान शिबिर घ्यायचंय? मग मे महिन्यात घ्या

रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष गळ्यात कॉलर घालतात आणि पहिला प्रकल्प म्हणून रक्तदान शिबिर जाहीर करतात. त्याच्या पंधरा दिवस आधी १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन होऊन गेलेला असतो, पुढे १५ ऑगस्ट असतो, मध्ये कुणा ना कुणा नेत्याचा वाढदिवस असतोच. सगळ्यांच्या पिशव्या एकदमच येतात. आणि एप्रिल-मे उजाडला की फोन सुरू होतात, "ताई, बी पॉझिटिव्ह कोणी आहे का बघा ना!"

मी नाशिकला इंदिरानगरात राहते, आमच्या क्लबच्या सेवा समितीचं काम बघते. नव्या सेक्रेटरींना मी पहिली गोष्ट सांगते ती हीच, की तारीख क्लबच्या सोयीची धरू नका, रक्तपेढीच्या गरजेची धरा. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. जुलैत हौसेनं जमवलेली पिशवी दसऱ्यालासुद्धा उपयोगी पडत नाही, मग मेची गोष्टच सोडा. मेमध्ये केटीएचएम, एचपीटी सगळी कॉलेजं थंड असतात, म्हणजे एनएसएसची मुलं नाहीत. निम्मं शहर लग्नाला गावी गेलेलं असतं. पण बाळंतपणं, ऑपरेशनं आणि हायवेवरचे अपघात काही सुट्टी घेत नाहीत. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

तेव्हा मार्चमध्येच रक्तपेढीला फोन करा. मांडववाल्याला नंतर. सिव्हिल हॉस्पिटलची रक्तपेढी आहे, ट्रस्टच्या आहेत, खाजगी आहेत. परवाना चालू आहे ना आणि बाहेर शिबिर घेण्याची परवानगी त्यांच्याकडे आहे ना, हे स्पष्ट विचारा. मग विचारा की त्या आठवड्यात तुम्हाला किती पिशव्या हव्यात, कुठल्या गटाची चणचण असते, आणि रक्ताचे घटक वेगळे करायची सोय तुमच्याकडे आहे का. सोय असेल तर एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर पातळ भाग) आणि प्लेटलेट्स अशा तीन वेगवेगळ्या रुग्णांना तीन गोष्टी जातात. त्यांनी साठ म्हटलं तर साठलाच थांबायचं. एकसष्टाव्या माणसाचा फोन नंबर घ्यायचा, चहा पाजायचा आणि "तुम्हाला पुढच्या वेळी पहिला नंबर" म्हणायचं. फोटोत आकडा मोठा दिसावा म्हणून शंभराचा अट्टहास धरणारे अध्यक्ष भेटतात. त्यांना पिशवीवरची मुदतीची तारीख दाखवा, बहुतेक जण गप्प होतात.

महिना ठरला की दिवस. इथे कालनिर्णय उघडल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. एकादशी, संकष्टी, गुरुवार हे दिवस टाळा, कारण निम्म्या बायका उपाशीपोटी येतात आणि उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. रमजान कुठल्या महिन्यात येतोय तेही बघा. लग्नाची दाट तिथी असेल तर तो रविवारही सोडा. वेळ सकाळी साडेआठ ते एक. नाशिकचं ऊन मेमध्ये बाराच्या पुढे कुणाला घराबाहेर पडू देत नाही.

जागा तळमजल्यावरची, पक्क्या छताची हवी. सोसायटीचं क्लब हाऊस, शाळेचा हॉल, कंपनीचं कँटीन, काहीही चालेल. उघड्यावरचा मांडव मात्र मेमध्ये नको. पंखे, जनरेटर किंवा इन्व्हर्टर, पाणी आणि जवळ स्वच्छ टॉयलेट, एवढं बघा. आणि एक कोपरा पडदा लावून वेगळा ठेवा. डॉक्टर तिथे खाजगी प्रश्न विचारतात, आणि मागे शेजारी रांगेत उभा असेल तर कुणी खरं उत्तर देत नाही.

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात घेणार असाल तर शिफ्टचं गणित आधी समजून घ्या. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी अंबडला शिफ्टमध्ये गेली, त्यामुळे हे मला घरबसल्या कळलं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये, झोप झालेली नसते. तो मात्र उत्साहानं घरी जाता जाता हात पुढे करतो. तेव्हा पहिली पाळी सुटते आणि दुसरी लागते त्या सुमाराची वेळ मागा, आणि सुपरवायझरशी आधी बोलून ठेवा, नाहीतर रक्त देऊन माणूस थेट जड लोखंड उचलायला जातो.

आता खाण्याचं. आपल्या गावात रविवार सकाळ म्हणजे मिसळ. गंगापूर रोडला तर्री ओरपून पाहुणा थेट शिबिरात येतो आणि म्हणतो, भरपेट खाऊन आलोय. पोट भरलेलं हवं हे बरोबर, पण तेलकट खाल्ल्यावर प्लाझ्मा दुधासारखा गढूळ येऊ शकतो आणि तो वाया जातो. निरोपातच लिहा: पोहे, पोळी-भाजी, इडली काहीही खाऊन या, मिसळ नंतर. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर येऊ नका, हेही लिहा, लाजू नका. अटींचा निरोप छोटा असावा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि बायकांचे १२० दिवस झालेले. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलेले, डेंग्यू होऊन सहा महिने न झालेले, सध्या अँटिबायोटिक चालू असलेले, यांनी आधी फोन करावा. बाकी डॉक्टर ठरवतील.

शिबिराच्या दिवशी मला जे टेबल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हिमोग्लोबिनचं. बऱ्याच ठिकाणी आता मशीन आलंय, पण जुनी पद्धत अजून दिसते. बोटाच्या टोकाला टोचतात, काचेच्या नळीत रक्त घेतात आणि वरून एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. आपले बागायतदार द्राक्षावर बोर्डो मारायला आणतात, तोच मोरचूद. थेंब गोळी होऊन पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर, माणूस पास. तो मध्येच घुटमळला किंवा पुन्हा वर आला तर नाही. रांगेतल्या सगळ्यांचे डोळे त्या बाटलीवर असतात.

आणि घुटमळणारे थेंब जास्त करून बायकांचे असतात. नटूनथटून, मैत्रिणींना घेऊन आलेली बाई "तुमचं घेता येणार नाही" ऐकून खजील होते, आणि पुन्हा कधी फिरकत नाही. म्हणून त्या टेबलाशेजारी क्लबमधल्या एखाद्या बाईलाच बसवा. तिनं हळू आवाजात सांगायचं की आज नाही, पण तुम्हाला तुमचा आकडा कळला, आता डॉक्टरांना दाखवा. गोळी कुठली घ्यायची हे आपण सांगायचं नाही. प्रमाणपत्र नसलं तरी चहा-बिस्किटाचा मान तिलाही तेवढाच. आमच्या शिबिरात मी ही खुर्ची कुणाला देत नाही.

दुसरी नजर चहाच्या टेबलावर हवी. ३५० किंवा ४५० मिली, वजनाप्रमाणे जे काय घेतलं असेल, त्यानंतर माणसाला दहा-पंधरा मिनिटं बसवायचंच. चक्कर पलंगावर कमी येते, इथे जास्त येते. पहिल्यांदा देणारा विशीतला मुलगा सेल्फी काढायला पटकन उठतो. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, बोलता बोलता गप्प झाला, की लगेच आडवं झोपवा, पाय उंच करा आणि डॉक्टरांना हाक मारा. भोवती गर्दी करू नका, तोंडात पाणी ओतू नका. तो दहा मिनिटांत हसायला लागतो. बाइकवर मात्र त्याला एकट्याला पाठवू नका.

भेटवस्तूंवरून दर वर्षी समितीत भांडण होतं. बॅग द्या, हेल्मेट द्या, लकी ड्रॉ काढा. माझं मत ठाम आहे: नको. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, ते उगीच नाही. वस्तूच्या आशेनं आलेला माणूस आजार लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरियासाठी तपासणी होते हे खरं, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीतही निसटू शकतो. प्रमाणपत्र आणि लिंबू सरबत पुरे. त्या तपासण्यांचे निकाल हा रक्तपेढी आणि रक्तदाता यांच्यातला मामला आहे; क्लबनं ते मागायचे नाहीत, कुणी सांगितले तरी ऐकायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट शिबिराआधीच रक्तपेढीशी आणि सभासदांशी बोलून घ्या. "मी तुमच्याकडे रक्त दिलंय, आता सासऱ्यांना फुकट पिशवी द्या" असा फोन येतोच. रक्ताला किंमत नसते, तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क असतं. सवलत कुणाला, किती, कार्ड दाखवल्यावर काय मिळेल, हे लेखी घ्या.

निगेटिव्ह गटाचे दाते आले तर सरसकट पलंगावर घेऊ नका. आपल्याकडे ते शंभरात पाचेक असतात. आज पिशवी हवी की नाव राखून ठेवू, हे रक्तपेढीच्या माणसाला विचारा. पुष्कळदा राखून ठेवलेला ओ निगेटिव्ह रात्री दोनला जास्त कामाला येतो.

संध्याकाळी मांडववाल्याचे आणि चहावाल्याचे पैसे द्या, वापरलेल्या सुया-कापूस रक्तपेढीनं सगळं परत नेलंय ना हे हॉलभर फिरून बघा, आणि त्याच रात्री यादी पक्की करा. नाव, गट, फोन, आणि समोर पुढची तारीख. मेच्या मध्यावर दिलेला पुरुष ऑगस्टच्या मध्याला पुन्हा देऊ शकतो, बाई सप्टेंबरच्या मध्याला. पावसानंतर डेंग्यू सुरू होतो, प्लेटलेट्सची धावाधाव तेव्हाच असते, आणि पाच दिवसांच्या मालाला मोठं शिबिर कामाचं नाही. तेव्हा याच यादीतून पंधरा-वीस जणांना दर आठवड्याला थेट रक्तपेढीत पाठवा. त्याला ना मांडव लागतो ना बॅनर.