गनला चकचकीत गोटी लावू नका

रावेर-सावद्याकडं केळीच्या गाड्यांची चाकं खोलताना घाईत हाताच्या पान्याची चकचकीत गोटी (नटावर बसणारा सॉकेट) इम्पॅक्ट गनला, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राला, लावतात. ती क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची: कडक, पातळ, हाताच्या जोरापुरती. गनचे ठोके बसले की आधी केसाएवढी चीर जाते, मग एक दिवस ती फुटते. मुलाम्याचा पापुद्रा तर ब्लेडसारखा उडतो. गनला काळी, जाड भिंतीची, सहा कोनी इम्पॅक्ट गोटीच हवी. ती बहुधा क्रोम-मॉली पोलादाची असते, ठोका सोसते. मागच्या भोकात पिन आणि रबरी रिंग बसवा, नाहीतर गोटी निसटते. एक्स्टेन्शनही (गन आणि गोटीमधला दांडा) इम्पॅक्टचंच. काळी गोटी हाताच्या पान्याला खुशाल चालते, फक्त अडचणीच्या जागी जाड पडते. आणि चष्मा घाला, उन्हाळ्यात घामानं धुरकटला तरी.