एचडी सेट-टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज तपासायला बसण्याआधी

चित्र बिघडलं की रिमोट उचलून थेट टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये शिरायची सवय असते. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो आणि तासाभराने आधी काय होतं तेही आठवत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी सामान जमवा. नक्की चालू असलेली दुसरी एचडीएमआय केबल हवी, दीड-दोन मीटरची पुरते. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे रिमोट, कोरडं सुती फडकं, मोबाईलचा टॉर्च आणि वही-पेनही जवळ ठेवा. टीव्हीच्या मागच्या सगळ्या जोडण्यांचा फोटो काढा, म्हणजे कुठली पिन कुठून काढली यावर नंतर वाद राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा समोर येतो.

आता दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा. बॉक्सचा मेनू उघडून दोन मिनिटं नुसता बघा. मेनूची अक्षरं बॉक्स स्वतः तयार करतो आणि ती चॅनलच्या चित्राबरोबर त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीपर्यंत जातात. मेनू स्वच्छ, स्थिर आणि मागचं चॅनल मात्र फुटतंय, तर दोष बॉक्सकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा प्रक्षेपणात आहे. मेनूवरही पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच काळं होऊन परत येतं, तर केबल, सॉकेट किंवा टीव्ही बघा. त्यानंतर टीव्हीच्या आतल्या ॲपवर किंवा पेन ड्राइव्हवर काहीतरी लावा. तिथेही रंग आणि आवाज तसेच बिघडलेले असतील तर बॉक्स निर्दोष आहे. दोष एकाच चॅनलवर आहे की सगळ्यांवर, दिवसभर की ठराविक वेळी, हेही वहीत उतरवा.

सिग्नलचा दोष ओळखायला सोपा: चित्राचे चौकोन पडतात, चेहरा अर्धा गोठतो, आवाज टकटक करत तुटतो. डिजिटल सिग्नल हळूहळू मुंग्या येत खराब होत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र चोख दिसतं आणि त्याखाली एकदम कोसळतं. बॉक्सच्या सिग्नल मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे असतात. भरवसा क्वालिटीवर ठेवा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी पडलेली म्हणजे सिग्नलबरोबर गोंगाटही येतोय: छत्री (डिश) हललेली असेल किंवा जोडात पाणी शिरलं असेल. दोन्ही आकडे कोरड्या हवेच्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर पावसात तुलना कशाशी करणार? थेट उपग्रहावरून येणाऱ्या सेवा बहुधा 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी वापरतात आणि जोराचा पाऊस त्या शोषून घेतो. तेवढ्या वेळापुरता चित्र गेलं तर बॉक्सचा दोष नाही. रिमझिमीतही जात असेल तर मात्र छत्रीची दिशा थोडी सरकली आहे असं समजा.

छत्रीकडून येणाऱ्या केबलची स्क्रूची गोल पिन उघडण्याआधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा, कारण छत्रीवरच्या एलएनबीसाठी (सिग्नल पकडणाऱ्या डबीसाठी) बॉक्स त्याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवत असतो. पिन टॉर्चखाली धरा. मधली तार सरळ, चकचकीत आणि पिनच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली हवी. केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी त्या तारेला टेकला असेल तरी शॉर्ट होतो आणि काही चॅनल किंवा सगळीच जातात. तार काळी-हिरवी पडली असेल तर पुसत बसू नका, तेवढा तुकडा कापून नवी पिन लावायला हवी. वाटेत स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा जोड) असला तर तो वगळून केबल थेट लावून बघा. दोन तोंडांचा साधा स्प्लिटरही सिग्नल निम्म्याहून कमी करतो.

चित्र फुटत नाही, पण पुसट वाटतं? बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी जोडलेला असेल तर एचडी दिसणारच नाही, पिवळी पिन फक्त एसडी, म्हणजे साध्या दर्जाचं चित्र वाहते. एचडीएमआय असूनही बॉक्सचं आउटपुट (रिझोल्यूशन) 576 वर राहिलेलं असू शकतं, ते 1080 करा. आणि चॅनल खरोखर एचडी क्रमांकावर लागलंय ना, ते बघा. एसडी चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 बिंदू असतात आणि 1920 गुणिले 1080 च्या चित्रात 20,73,600, बरोबर पाचपट. ही तूट कुठलीही सेटिंग भरून काढत नाही. उलट शार्पनेस वाढवला की कडांना पांढरी किनार येते, तो कमीच ठेवा. चेहरे रुंद दिसले तर 4:3 चं चित्र 16:9 वर ताणलं जातंय. खालची बातम्यांची पट्टी कापली जात असेल तर टीव्हीत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट निवडा.

पडदा काळा आणि कॉपी-संरक्षणाची सूचना आली, तर दोन्ही यंत्रांची ओळख पटलेली नाही. दोन्हींचे प्लग मिनिटभर काढा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स चालू करा. तरीही नाही तर सॉकेट बदला, मग केबल.

आवाजासाठी बॉक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम कमाल पातळीजवळ ठेवा आणि कमीजास्त टीव्हीवरून करा, नाहीतर आवाजाबरोबर खरखरही वाढते. काही चॅनलवर चित्र आहे आणि आवाज अजिबात नाही, तर बॉक्स डॉल्बी पद्धतीने बांधलेला आवाज पाठवतोय आणि टीव्हीला तो उलगडता येत नाही असा संशय घ्या. ऑडिओ आउटपुट पीसीएम (साधा, न बांधलेला आवाज) किंवा स्टिरिओ करा, शिवाय आवाजाची भाषा तपासा. संगीत दणदणीत पण संवाद दबलेले असतील तरी स्टिरिओच करून बघा, कारण संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि टीव्हीत तो स्पीकर नसतो. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिला चित्रावर काम करायला वेळ लागतो आणि आवाज पुढे धावतो. मगच ऑडिओ डिले दहा-वीस मिलिसेकंदांनी सरकवा, समोर बोलणारा वृत्तनिवेदक ठेवून.

तासाभराने बॉक्स अडखळू लागला तर वरचं झाकण हाताने चाचपा. बॉक्सवर दुसरं यंत्र ठेवलं असेल तर काढा, सगळीकडून चार बोटं जागा सोडा. अडॅप्टर बदलायचा झाला तर व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस तंतोतंत तेच हवं. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. त्यात आवडत्या चॅनलची यादी, पालकांचं लॉक आणि काही बॉक्समध्ये रेकॉर्डिंगही पुसलं जातं. आधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, बॉक्सच्या तळाचा क्रमांक लिहून ठेवा आणि चॅनल पुन्हा शोधून होईपर्यंत वीज तोडू नका.