मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घ्यायचं की नाही? ठरवताना या चुका टाळा

मुरुम सगळ्यांनाच येऊन गेलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर मतंही सगळ्यांकडे असतात. 'वयाचं आहे, जाईल.' 'पोट साफ होत नसेल.' 'उष्णता वाढलीय, सब्जा घे.' 'लग्न झालं की आपोआप थांबतं बघ.' कपाळावरच्या चार पुटकुळ्यांपुरते हे सल्ले निभावून जातात. पण गालावर, जबड्याच्या कडेला, पाठीवर खोल आणि दुखऱ्या गाठी येत असतील, एकेक गाठ आठवडे-आठवडे बसत नसेल आणि बसल्यावर खड्डा ठेवून जात असेल, तर तो वेगळा आजार समजायचा. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ बहुतेकदा आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या गोळीचं नाव काढतात. आणि मग घरात चर्चा सुरू होते, नेमकी चुकीच्या टोकापासून.

चर्चा सुरू होते ती 'हे औषध किती वाईट आहे' यावरून. मोबाईलवर शोधलं की दुष्परिणामांची लांबलचक यादी समोर येते, आई घाबरते, आणि 'अजून थोडे दिवस बघू' असं ठरतं. त्या थोड्या दिवसांत काय होतं, हे कोणी मोजत नाही. खड्डे पडतात ते कायमचे. नंतर लेझर, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), सबसिजन (खड्ड्याखालचे धागे सुईने सोडवणं) करून ते उथळ होतात, पूर्ण भरत नाहीत, आणि दर सिटिंगचे पैसे वेगळे. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: माझ्या चेहऱ्यावर आत्ता नवे खड्डे पडतायत का? उत्तर 'हो' असेल तर थांबण्यालाही जोखीम आहे, आणि ती औषधाच्या जोखमीशेजारी ठेवूनच तोलली पाहिजे.

दुसऱ्या टोकाची चूकही तेवढीच दिसते. मैत्रिणीचा चेहरा या गोळीने स्वच्छ झाला, म्हणून तिच्या स्ट्रिपवरचं नाव दाखवून मेडिकलमधून तीच आणायची. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे. तरी ओळखीचा दुकानदार देतो. त्याने दिली म्हणून ती सौम्य ठरत नाही.

कारण न शोधताच गोळी

गोळी सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे चेहऱ्याला लावायचं क्रीम. 'गोरं होण्यासाठी', 'डाग जाण्यासाठी' म्हणून मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. आठवडाभर चेहरा उजळतो, मग लाल होतो, मग पुरळ येतं. बंद केलं की उसळी मारून आणखी येतं, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. या चक्रातल्या चेहऱ्याचे उपचार वेगळे. तेव्हा ट्यूब खोक्यासकट डॉक्टरांना दाखवा. 'साधं क्रीम आहे' एवढं सांगून भागणार नाही.

दुसरी जिम. ट्रेनरने दिलेली इंजेक्शनं, अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड, यांनी छाती-पाठीवर भयंकर मुरुम येतात. ते चालू ठेवून वर आयसोट्रेटिनॉइन घेणं म्हणजे यकृत आणि रक्तातली चरबी यांच्याशी खेळ. मुलं ही गोष्ट वडिलांसमोर सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे एकट्याने बोलायला वेळ मागावा.

तिसरी, पाळी. ती दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी जोडलेल्या हार्मोनच्या बिघाडाची, शंका घेऊन आधी ते तपासायला हवं. तिथे हार्मोनवर काम करणाऱ्या औषधांनी जास्त टिकाऊ फरक पडू शकतो.

आणि हो, अँटिबायोटिक. मुरुमांसाठी देतात ती डॉक्सीसायक्लिन साधारण तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, आणि तीही बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या लावायच्या औषधाच्या जोडीने. वर्षभर तीच गोळी अधूनमधून चालू आणि चेहरा तसाच, असं असेल तर पुढचा निर्णय आधीच लांबलाय.

गरोदरपणाचा विषय आईसमोर टाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि तिचं मूळ संकोचात आहे.

आयसोट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व 'अ'च्या कुळातलं औषध. गरोदर बाईने घेतलं तर गर्भाचा मेंदू, चेहरा, कान, हृदय यांत गंभीर व्यंगं येऊ शकतात, गर्भपातही होऊ शकतो. थोडेच दिवस घेतलं, कमी डोस घेतला, याने धोका टळत नाही. अमेरिकेत हे औषध १९८२ मध्ये आलं. तिथे २००६ पासून नोंदणीची सक्तीची व्यवस्था आहे. गर्भ राहू शकतो अशा बाईला गर्भचाचणी केल्याशिवाय गोळी मिळत नाही. आपल्याकडे असं जाळं नाही. म्हणजे सगळी भिस्त दवाखान्यातल्या त्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर.

आणि त्या दहा मिनिटांत होतं काय? एकवीस वर्षांची मुलगी, शेजारी आई. डॉक्टर अर्धवट विचारतात, 'लग्न झालंय का?' आई म्हणते, 'नाही हो.' विषय संपला. हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारायला हवं ते हे, की गर्भ राहण्याची शक्यता आहे का, आणि ते तिला एकटीला. डॉक्टरांनी सुचवलं नाही तर मुलीने 'मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय' म्हणावं, आणि आईने बिनशंकपणे बाहेर बसावं.

औषध सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा पक्की टाळायची. सुरू करण्याआधी चाचणी निगेटिव्ह हवी. मध्येच पाळी चुकली तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा.

लग्न ठरत असलेल्या घरात याची उलट भीतीही ऐकू येते: 'हे घेतलं तर पुढे मूल होणार नाही.' तसं नाही. औषध शरीरातून निघून जातं, आणि शेवटच्या गोळीनंतर महिना उलटला की त्याचा पुढच्या गरोदरपणाशी संबंध राहत नाही. तीन वर्षं थांबायला सांगतात ते अ‍ॅसिट्रेटिनसाठी. ते सोरायसिसचं औषध. नावं जवळची असल्याने गल्लत होते. तरीही लग्नाची तारीख ठरली असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगा, कोर्सचं गणित त्या तारखेपासून मागे मोजता येतं.

पुरुषांनी घेतल्याने गर्भाला धोका असल्याचं दिसलेलं नाही. रक्तदान मात्र कोणीच करायचं नाही, कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर; ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. गणेशोत्सवातल्या शिबिरात मित्रांनी ओढलं तरी नाही.

महिन्यांचं गणित न करता सुरुवात

'चार महिने घे' हे उत्तर पुरेसं नाही. गंभीर मुरुमांत एकूण डोस शरीराच्या वजनावर बेततात, साधारण दर किलोला १२० ते १५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी किमान ७,२०० मिलिग्रॅम. रोज ४० घेतले तर १८० दिवस, रोज २० घेतले तर ३६०. कमी डोस चूक नाही. त्रास कमी होतो, आणि जिथे आजार मध्यम आहे तिथे पुष्कळ डॉक्टर तोच पसंत करतात. पण तिसऱ्या महिन्यात चेहरा छान दिसला म्हणून स्वतःच्या मनाने सोडलं, की मुरुम परतण्याची शक्यता वाढते. कोर्स किती महिन्यांचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, म्हणजे परीक्षा, नोकरी, लग्न हे त्यात बसवता येतं.

गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. चरबी असलेल्या जेवणाबरोबर जेवढं औषध अंगात शिरतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास रिकाम्या पोटी शिरतं. डाएटवर असलेले लोक सकाळी ब्लॅक कॉफीबरोबर गोळी गिळतात आणि फरक पडत नाही म्हणून तक्रार करतात. वरणावर तूप घ्या. एकादशीची साबुदाणा खिचडीसुद्धा चालेल, दाण्याचं कूट भरपूर घाला.

पहिल्या महिन्यातली घाई

सुरुवातीला काहींचे मुरुम वाढतात. खूप गाठी असतील तर डॉक्टर म्हणूनच डोस कमी ठेवून सुरू करतात. ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात, डोळे कोरडे पडतात, कधी नाकातून थोडं रक्त येतं, पाठ आखडते. पेट्रोलियम जेली खिशात ठेवा. जुनी फेसवॉश, स्क्रब, बेंझॉइल पेरॉक्साइड, लिंबू-हळदीचे लेप, सगळं बाजूला. साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे. पार्लरमध्ये वॅक्सिंग नको, त्वचा सालीसारखी निघून येते. नंतरही काही महिने नको.

यकृत आणि ट्रायग्लिसराइडची (रक्तातल्या चरबीची) रक्ततपासणी आधी एकदा आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा करायची, दारू शक्यतो बंद. जीवनसत्त्व 'अ' असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या थांबवा. डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिकं याच्याबरोबर अजिबात चालत नाहीत, कवटीच्या आतला दाब वाढू शकतो. जोराची डोकेदुखी आणि धूसर दिसणं, किंवा पोटात असह्य दुखणं सुरू झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टर गाठा.

मनाबद्दल दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मोठ्या संख्येच्या एकत्रित अभ्यासांत हे औषध नैराश्य वाढवतं असं दिसलेलं नाही, उलट चेहरा सुधारला की बऱ्याच जणांचं मन हलकं होतं. पण एखाद्याचा स्वभाव अचानक पालटल्याच्या नोंदीही आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये अठराखालच्या मुलांना हे देण्याआधी दोन तज्ज्ञांची सहमती घ्यायचा नियम आणला होता. आधी कधी नैराश्याचे उपचार झाले असतील तर लपवू नका. घरातल्या एकाला सांगून ठेवा: मी गप्प-गप्प झालो, झोप उडाली, जगण्याबद्दल काही विचित्र बोललो, तर मला विचारत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

कोर्स संपल्यावर काहींना मुरुम परत येतात आणि दुसरा कोर्स लागतो. तो लगेच मागू नका. गोळी थांबल्यावरही त्वचा सुधारत राहते, म्हणून निदान दोन महिने मध्ये जाऊ देतात.