नवे सॉफ्टवेअर पेढीत रुजले की नाही, हे कसे तपासावे

सॉफ्टवेअर घेतले, सर्वांना पासवर्ड दिले, की काम झाले असे मानण्याची रीत आहे; वापर किती झाला आणि हाती काय लागले, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. इंदूरच्या सियागंजातील एखाद्या घाऊक किराणा पेढीने साठ्याच्या नोंदीसाठी सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले आहे, असे उदाहरणादाखल धरू.

सुरुवात करण्यापूर्वी महिनाभर जुन्या पद्धतीची मोजणी करावी: एका बिलाला लागणारा वेळ, दुरुस्त करावी लागलेली बिले, वहीतला साठा आणि गोदामातला माल यांतील तफावत. हे आकडे नसतील तर पुढची तुलना आठवणीवर चालते, आणि आठवण बहुधा खर्च करणाऱ्याचीच बाजू घेते.

नंतर वापर तपासताना लॉगिन मोजत बसू नये. सकाळी लॉगिन करून दिवसभर वहीतच लिहिणारे मुनीमजी त्या यादीत नियमितच दिसतात. त्याऐवजी नोंदींच्या वेळा पाहाव्यात. ट्रक सकाळी उतरले आणि आवकेच्या साऱ्या नोंदी सायंकाळी सहा ते सातच्या दरम्यान पडल्या असतील, तर माल आधी कागदावर चढतो आणि मग एकगठ्ठा संगणकात भरला जातो, असा दाट संशय घ्यावा. (कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचे आहे, इतर पेढ्यांनीही ती सोय चालू ठेवावी.)

कारण शोधताना माणसाला दोष देण्याआधी त्याच्या शेजारी उभे राहून काम पाहावे. हमाल पोती मोजतो आणि संगणकाचा पडदा किलो मागतो, एवढ्यावरही गाडी अडते. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, याविषयी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या प्रारूपातले दोन प्रश्न इथे पुरतात: हे उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपे वाटते का?

शेवटी पैसा. दरमहा 18,000 रुपये पगाराच्या, 26 दिवस रोज आठ तास काम करणाऱ्या माणसाची रोज 40 मिनिटे वाचली, तर महिन्याला 1,500 रुपयांचा वेळ सुटतो. तो वेळ उधारीच्या वसुलीसारख्या कामी लागला, तरच जमेत धरावा. खर्चाच्या बाजूला वार्षिक शुल्काबरोबर प्रशिक्षणाचे तास आणि वही आणि संगणक अशा दोन्हीकडे नोंदी कराव्या लागल्या तो काळही लिहावा. ही मोजणी तीन महिन्यांनी आणि पुन्हा मार्चअखेरच्या साठा मोजणीनंतर करावी. तफावत कमी झाली नसेल आणि जुनी वही अजून चालूच असेल, तर शुल्काचे नूतनीकरण थांबवून आधी गोदामातली अडचण दूर करावी.