पोलीस केस झाली तर मुंबईत वकील कसा करायचा

पोलीस स्टेशनमधून फोन येतो की तुमच्या मुलाला इथे बसवलंय, लगेच या, आणि घरात पहिला प्रश्न पडतो की वकील कोण करायचा. मग सोसायटीचे सेक्रेटरी एक नाव देतात, मामा दुसरं, आणि कुणीतरी ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून तिसरंच. सगळ्यांना मदतच करायची असते हो, पण त्यातला एक वकील फ्लॅटची अ‍ॅग्रीमेंटं करतो आणि दुसरा फॅमिली कोर्टात असतो. मी फोर्टात क्रिमिनल वकिलांच्या ऑफिसात काम करते, अशी घाबरलेली माणसं सारखी समोर बघते आणि खरंच जीव तुटतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

वकिलाला फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या, कुठलं पोलीस स्टेशन, एफआयआर झालाय का आणि झाला असेल तर नंबर काय, आणि कलमं कुठली लावलीत. एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मधेच सांगितलंय त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर तो बघायला मिळतो, फक्त लैंगिक गुन्हे किंवा तसली नाजूक प्रकरणं तिथे टाकत नाहीत. घटना कधीची आहे तेही बघा, १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी आयपीसी लागते, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. आणि कलम जामीनपात्र असेल तर जामीन हा तुमचा हक्क आहे, पोलीस स्टेशनलाच होतो, तिथे कुणी ‘लाखभर द्या, सोडवून आणतो’ म्हणत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येऊन ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय’ म्हणाला तर वकील शोधूच नका, असली अटक कायद्यात नाहीच, कॉल कट करा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

आता नोटीस आलीय की अटक झालीय यावर घाई किती ते ठरतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस बहुतेक वेळा आधी हजर राहायची नोटीस देतात, पूर्वी ती ४१ए ची म्हणायचे, आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मधे स्पष्ट केलंय, तरी आली तर ‘चालत नाही’ म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी वकिलाला दाखवा. नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य केलं तर सहसा अटक करत नाहीत, न जाणं मात्र अंगाशी येतं. अटक होईल असं वाटत असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन्स कोर्टात टाकता येतो, आणि तो अटकेच्या आधीच टाकायचा असतो, ‘बघू काय होतंय’ करत चार दिवस घालवले की तो रस्ता बंद.

अटक झालीच असेल तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं लेखी द्यायची, घरच्यांना कळवायचं, आणि चौकशी चालू असताना मधे वकिलाला भेटू द्यायचं, हे सगळं कायद्यात आहे, फक्त वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसेल असं नाही. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर आरोपीची सही घ्यायची नसते आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे आत असलेल्या माणसाला कळवा. कोऱ्या कागदावर सही तर कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

वकील निवडताना मोठं नाव शोधण्यापेक्षा तुमची केस ज्या कोर्टात जाणार त्या कोर्टात रोज उभा राहणारा माणूस शोधा. मुंबईत प्रत्येक पोलीस स्टेशनचं मॅजिस्ट्रेट कोर्ट ठरलेलं असतं, दक्षिण मुंबईत सीएसएमटीजवळचं किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, मधे भोईवाडा, पुढे कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड. सेशन्सचं काम मुख्यतः फोर्टला आणि दिंडोशीला चालतं, आणि क्वॉशिंगला म्हणजे एफआयआरच रद्द करून घ्यायला हायकोर्ट. ज्याचं रोजचं काम हायकोर्टात आहे तो बोरिवलीच्या रिमांडला, म्हणजे अटकेनंतर कोर्टात कोठडी ठरते त्या सुनावणीला, ज्युनिअर पाठवणार, आणि त्या ज्युनिअरने फाईल ट्रेनमधे पहिल्यांदा उघडलेली असते. पहिल्या दिवशीच्या रिमांडला तिथला जवळचा चांगला वकील घ्या आणि पुढे ट्रायलला दुसरा करा, यात काही कमीपणा नाही, बिनधास्त करा.

रिमांड कसा होतो ते एकदा बघितलं की हे पटतं. किल्ला कोर्टात दुपारी आरोपींना आणतात, बाहेर पॅसेजमधे नातेवाईक डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभे असतात, हवालदार दोन मिनिटं बोलू देतो, त्या दोन मिनिटांत वकील वकीलपत्रावर, म्हणजे त्याला नेमल्याच्या कागदावर, सही घेतो आणि हळूच विचारतो मारलंय का, कधी उचललं, घरून की रस्त्यावरून. आत मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. घाबरलेलं पोर मान हलवून नाही म्हणतं, आणि कागदावर तसंच चढतं. चांगला वकील त्या दोन मिनिटांतच त्याला सांगून ठेवतो की मार लागला असेल तर इथेच बोल, आणि उचलल्याची खरी वेळ सांग, कारण कागदावर अटक रात्री नऊची असते आणि पोराला सकाळीच घेऊन गेलेले असतात. पोलीस कोठडी सात दिवस मागितली तर एवढी कशाला, मोबाईल तर जप्त झालाय, आता काय बाकी राहिलं, हे तो विचारतो. ‘नो ऑब्जेक्शन’ म्हणून खाली बसणारे पण बघितलेत.

वकील खरंच काम करतो का हे तपासायला ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, नावापुढे तुमच्यासारख्या केसेस दिसतात की सगळं चेक बाउन्सचंच आहे ते कळतं. वेळ असेल तर सरळ कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, बहुतेक सुनावणी खुली असते, कुणी अडवत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा सनद नंबर म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर विचारा, खरा वकील चिडत नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे म्हणून ‘मुंबईतले टॉप टेन’ असल्या याद्यांवर जाऊ नका, आणि पोलीस स्टेशनच्या दारात कार्ड वाटणाऱ्याकडून तर अजिबात नको.

पहिल्या भेटीत एक प्रश्न नक्की विचारा, चार्जशीट वेळेत आली नाही तर काय कराल. उत्तर असं यायला पाहिजे की पहिल्या रिमांडपासून ६० दिवस, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, तेवढ्यात चार्जशीट नाही आली तर जामीन मागायचा हक्क तयार होतो, पण चार्जशीट दाखल व्हायच्या आधी अर्ज टाकावा लागतो. एनडीपीएस म्हणजे ड्रग्जच्या कायद्यातल्या मोठ्या क्वांटिटीला हीच मुदत १८० दिवस आहे. जो वकील ही तारीख लगेच डायरीत लिहून घेतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. मग विचारा कोर्टात स्वतः उभे राहाल का, फोन कोण उचलणार, तारखेला काय झालं ते कुणाकडून कळणार. जो ‘शंभर टक्के बेल’ म्हणतो किंवा साहेबांशी सेटिंग आहे म्हणतो त्याच्या ऑफिसातून उठून या. एक रुपया देऊ नका, असल्या पैशाची पावती मिळत नाही आणि ते परत येत नाहीत.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा, रिमांडची किती, जामीन अर्जाची किती, सेशन्सला गेलं तर किती, ट्रायल दर तारखेला की एकरकमी. टायपिंग, नकला, क्लार्कचा खर्च फीमधे आहे का वेगळा तेही विचारा आणि सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या. ‘सुटलात तरच फी’ असा सौदा वकिलाला करताच येत नाही, नियमात नाही. हायकोर्टात सीनियर कौन्सेल म्हणजे कोर्टाने सीनियरचा दर्जा दिलेले वकील लागले तर ते वकीलपत्र घेत नाहीत, त्यांना केस समजावून देणारा वकील वेगळा, म्हणजे फी दोघांची. दागिने मोडायच्या आधी एवढं विचारा की ह्या टप्प्यावर सीनियर खरंच लागतात का, मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या साध्या जामिनाला बहुतेक वेळा लागत नाहीत.

पैसेच नसतील तर वकिलाशिवाय राहायचं कारण नाही. बाई असेल, एससी एसटी असेल, अपंग असेल किंवा माणूस कस्टडीत असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे, बाकीच्यांना उत्पन्नाची अट. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. फुकटचा वकील म्हणजे वाईट असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, तिथे मन लावून काम करणारे आहेत, फक्त नाव आणि नंबर घ्या आणि तुम्हीच मागे लागा.

वकील केला की त्याला खरं सगळं सांगा, लाजिरवाणं असेल ते पण. तुम्ही त्याला विश्वासाने सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय त्याला बाहेर सांगता येत नाही, आणि तुम्ही लपवलेलं सरकारी वकिलाच्या तोंडून कळलं तर तो उभ्या उभ्या अडकतो. मोबाईलमधलं काही डिलीट करू नका आणि फिर्यादीला ‘समजवायला’ फोन करू नका, त्या एका फोनवर जामीन जातो.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस लगेच घरी येत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. शुअरिटी म्हणजे जामीनदार लागतो, त्याचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घराची कागदपत्रं, त्याची पडताळणी होईपर्यंत कॅश बेलवर म्हणजे रोख रक्कम भरून घेऊन सोडा असा अर्ज त्याच दिवशी करायला वकिलाला सांगा. आर्थर रोड जेलच्या जामीन पेटीत, म्हणजे सुटकेच्या ऑर्डरी टाकायच्या पेटीत, ऑर्डर वेळेत पडली नाही तर ती रात्र आतच जाते, म्हणून त्या दिवशी वकिलाच्या क्लार्कला सोडू नका, कागद घेऊन कोण कधी निघाला ते विचारत राहा.

वकील बदलायचा असेल तर बदला, तो तुमचा हक्क आहे. आधीच्याकडून वकीलपत्रावर नो ऑब्जेक्शन घ्या, आणि तो फी बाकी आहे म्हणून फाईल अडवत असेल तर त्याला सांगा की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे, बाकी फी तो वेगळी मागू शकतो. तरी ऐकत नसेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करा. फाईल हातात आली की पूर्ण चार्जशीट, जामिनाची ऑर्डर आणि पुढची तारीख आहे का ते बघा, जे नसेल त्याच्या नकलेसाठी नवीन वकिलाला पहिल्याच दिवशी अर्ज टाकायला लावा.